बफेलोचा क्वार्टरबॅक आणि प्रेक्षकांचा न्याय

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, त्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो. चेंडू हाती घेऊन किंवा हवेतून फेकून तो टप्प्याटप्प्याने प्रतिपक्षाच्या हद्दीत न्यायचा, चार प्रयत्नांत दहा यार्डांची मजल मारली तर आणखी चार प्रयत्न मिळवायचे, नाही तर चेंडू गमवायचा, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. या साऱ्या व्यवहाराचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. धिप्पाड प्रतिस्पर्धी अंगावर धावून येत असता दोन-तीन सेकंदांत कोणता सहकारी मोकळा आहे हे ताडायचे आणि त्याच्याकडे चेंडू फेकायचा, हे त्याचे काम. साहजिकच विजयाचे श्रेय आणि पराभवाचा दोष ही दोन्ही त्याच्याच पदरात पडतात. दर वर्षी विद्यापीठांतून नवे तरुण या जागेवर येतात आणि दर वर्षी त्या त्या शहरातील प्रेक्षक दोन प्रश्नांवर हिरिरीने वाद घालतात. हा मुलगा सुधारतो आहे काय? आणि ऐन वेळी तो उभा राहतो काय?

हे दोन प्रश्न एकत्र विचारले जातात म्हणूनच उत्तरांचा घोटाळा होतो. जॉश ॲलन या खेळाडूची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे.

कॅलिफोर्नियातील फायरबॉ या लहानशा गावच्या शेतकरी कुटुंबातला हा मुलगा. मोठ्या विद्यापीठांनी त्याला दारात उभे केले नाही. दोन वर्षांच्या एका स्थानिक महाविद्यालयातून तो वायोमिंग विद्यापीठात गेला. तेथेही त्याच्या फेकींपैकी जेमतेम ५६ टक्केच सहकाऱ्यांच्या हाती पोहोचत होत्या. बाहूत बळ अफाट, पण नेम बेभरवशाचा. तरीही २०१८ च्या निवडीत बफेलो बिल्स या संघाने त्याला सातव्या क्रमांकाने घेतले, तेव्हा अनेकांनी कपाळाला हात लावला. क्वार्टरबॅकचा नेम उपजत असतो, विशीनंतर तो शिकवता येत नाही, ही या खेळातील जाणत्यांची जुनी समजूत. पहिल्या वर्षी ॲलनने ती खरी करून दाखविली असेच वाटले: ५२.८ टक्के यशस्वी फेकी, दहा टचडाउन आणि प्रतिपक्षाच्या हाती गेलेले बारा चेंडू.

पुढच्या वर्षी हे प्रमाण ५८.८ टक्के झाले आणि २०२० मध्ये ६९.२ टक्के. टचडाउन ३७. तीन वर्षांत सोळा टक्क्यांहून अधिक वाढ ही या खेळात जवळजवळ न ऐकलेली गोष्ट होती. ती झाली कशी, याचे उत्तर प्रेक्षकांच्या गदारोळात बुडून गेले. हंगाम संपल्यावर कॅलिफोर्नियात एका खासगी शिक्षकाच्या हाताखाली तो पायांची ठेवण आणि फेकीची लकब नव्याने घोटत होता. संघाची चढाई आखणारे मार्गदर्शक चारही वर्षे तेच राहिले. आणि २०२० मध्ये मिनेसोटाहून स्टेफॉन डिग्ज हा कसलेला झेलकरी आणण्यात आला. त्या हंगामात सर्वाधिक चेंडू झेलण्याचा मान त्यालाच मिळाला. सुधारणा मुलाची होती, तशीच ती त्याच्याभोवती उभ्या केलेल्या व्यवस्थेचीही होती. वर्गात शिकविणाऱ्या कोणालाही यात नवल वाटणार नाही.

ही व्यवस्था सर्वांच्या नशिबी नसते. त्याच निवडीत पहिल्या फेरीत आणखी चार क्वार्टरबॅक निवडले गेले होते. दहाव्या क्रमांकावरील जॉश रोझन याला ॲरिझोनाने एका वर्षातच दूर केले आणि त्यानंतर तो कोठेच स्थिरावला नाही. तिसऱ्या क्रमांकावरील सॅम डार्नल्ड न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षे हेटाळणीचा विषय झाला, संघामागून संघ फिरला आणि २०२४ मध्ये त्याच्याच हातून मिनेसोटाने साखळीत चौदा सामने जिंकले. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी काढलेला निष्कर्ष चुकला, असे म्हणावे, की तो वेळेआधी काढला गेला, असे म्हणावे? रोझनच्या बाबतीत तर ते तपासण्याची संधीच उरली नाही.

आता दुसरा प्रश्न. ऐन वेळी धीर न सोडणाऱ्यास तिकडे ‘क्लच’ खेळाडू म्हणतात. हा गुण स्वभावातच असतो किंवा नसतो, अशी सर्वसाधारण श्रद्धा आहे. बेसबॉलमध्ये या श्रद्धेची झडती १९७७ मध्येच घेतली गेली. डिक क्रेमर या अभ्यासकाने १९६९ आणि १९७० या दोन हंगामांतील फलंदाजांचे आकडे ताडून पाहिले, तेव्हा एका वर्षी ऐन वेळी तळपलेले खेळाडू दुसऱ्या वर्षी तसेच तळपतात असे आढळले नाही. पुढे २००४ मध्ये बिल जेम्स या नामवंत अभ्यासकाने सावधगिरीचा इशारा दिला: आकड्यांत गुण दिसला नाही, म्हणजे तो नसतोच असे नव्हे. शंका रास्तच आहे. तथापि फुटबॉलचा साखळी हंगाम अवघ्या सोळा-सतरा सामन्यांचा. त्यांतले निर्णायक क्षण बोटांवर मोजण्याइतके. एवढ्या पुराव्यावर तरुणाच्या मनोधैर्याचा निवाडा करणे धाडसाचेच.

ॲलनवरचा आरोप निराधार होता, असे मात्र नाही. जानेवारी २०२० मध्ये ह्यूस्टनविरुद्ध बाद फेरीत बफेलोची १६-० अशी आघाडी होती. ती निसटू लागताच ॲलन बिथरला. एकदा तर पकडला जात असता त्याने चेंडू घाईघाईने बाजूच्या सहकाऱ्याकडे भिरकावला. सामना २२-१९ असा हातचा गेला. त्या दिवशी ‘हा ऐन वेळी कच खातो’ असे म्हणणाऱ्याला दोष देता येत नाही.

परंतु २३ जानेवारी २०२२ च्या कॅन्सस सिटीतील सामन्याचे काय? अखेरच्या दोन मिनिटांत पराभव समोर दिसत असता ॲलनने दोनदा टचडाउनची फेक करून संघाला आघाडीवर नेले. दुसरी फेक झाली तेव्हा घड्याळात तेरा सेकंद उरले होते. एवढ्या अवधीत बफेलोच्या बचावफळीने ४४ यार्ड देऊन टाकले, प्रतिपक्षाने बरोबरी साधली, जादा वेळेच्या नाणेफेकीचा कौल विरुद्ध गेला आणि तेव्हाच्या नियमानुसार पहिल्याच चढाईत टचडाउन झाल्यामुळे सामना ४२-३६ असा संपला. जादा वेळेत ॲलनच्या हाती चेंडू आलाच नाही. चार टचडाउन देणाऱ्या या खेळाडूच्या नावावर नोंद मात्र पराभवाची झाली. दोन महिन्यांनी बाद फेरीपुरता नियम बदलून दोन्ही संघांना एकेक संधी देण्याचे ठरले. नियमातील अन्याय खुद्द नियम करणाऱ्यांनी मान्य केला. प्रेक्षकांतील वाद मात्र पूर्वीच्याच पदावर राहिला, कारण २०२४ आणि २०२५ च्या जानेवारीतही कॅन्सस सिटीनेच बफेलोला रोखले. गंमत अशी की, २०२४ च्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा बहुमान ॲलनलाच मिळाला. आणि ‘पण सुपर बोलचे काय?’ हा प्रश्न त्या बहुमानाच्या दिवशीही विचारला गेला असणार!

वस्तुतः बफेलोच्या प्रेक्षकांना या प्रश्नाचे दुसरे टोकही ठाऊक आहे. जानेवारी १९९१ मध्ये त्यांचा संघ सुपर बोलमध्ये २०-१९ असा एका गुणाने हरला. शेवटच्या क्षणी स्कॉट नॉरवुडने ४७ यार्डांवरून मारलेला चेंडू उजव्या खांबाबाहेरून गेला होता. दुसऱ्या दिवशी नगरचौकात जमलेल्या हजारो लोकांनी नॉरवुडच्याच नावाचा घोष करून त्याला व्यासपीठावर बोलावून घेतले. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲलनची आजी वारली, तेव्हा त्याच्या पाठीवरील १७ या क्रमांकाला धरून लोकांनी सतरा-सतरा डॉलर शहरातील मुलांच्या रुग्णालयाला पाठविले आणि ती रक्कम दहा लाखांवर गेली. हा मुलगा सुपर बोल जिंकून देईल की नाही, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

जानेवारी २०२४ मध्ये इतिहासाची पुनरावृत्ती झाली. २७-२४ अशा पिछाडीवर टायलर बॅसने ४४ यार्डांवरून मारलेला चेंडू पुन्हा उजवीकडून बाहेर गेला आणि त्या तरुणावर शिव्या-धमक्यांचा भडिमार झाला. त्याच आठवड्यात बेवारस मांजरांना आसरा देणाऱ्या, बॅसचा पाठिंबा असलेल्या एका स्थानिक संस्थेकडे बफेलोच्या लोकांच्या बावीस-बावीस डॉलरांच्या देणग्यांची रीघ लागली.