नारळ आधी की होडी आधी?

विरारहून डहाणूकडे जाणाऱ्या गाडीतील अनेक चाकरमान्यांच्या मनात एक बेत वर्षानुवर्षे घोळत असतो : एकदा पालघरला उतरावे आणि सातपाटीची नारळी पौर्णिमा पाहावी. बेत तडीस जात नाही, कारण त्याच दिवशी राखीपौर्णिमा; बहिणीला सोडून समुद्राच्या पूजेला कोण जाणार? तारापूर म्हटले की अशा प्रवाशास १९६९ साली सुरू झालेले अणुवीजकेंद्र आठवते, बोईसर म्हटले की कारखाने. त्यांच्याच शेजारी किनाऱ्याने कोळीवाड्यांची माळ आहे व तिचे स्वतःचे पंचांग आहे, हे गाडीच्या खिडकीतून दिसत नाही.

सोनेरी कागदाने मढविलेला नारळ वाजतगाजत किनाऱ्यावर येतो, होड्यांची पूजा होते, घरोघरी नारळीभात रांधला जातो. परगावच्या माणसास नवल वाटावे असा कोकणपट्टीतील या दिवसाचा खेळ म्हणजे नारळ लढविणे. एकाने आपला नारळ घट्ट धरावयाचा, दुसऱ्याने त्यावर आपला आपटावयाचा. ज्याचा फुटेल त्याने तो गमवावयाचा. पोक्त माणसेही नारळ कानाशी नेऊन, बोटाने वाजवून करवंटीची पारख करतात, ती शालान्त परीक्षेच्या परीक्षकाला लाजवील इतक्या गांभीर्याने!

परंतु हा नुसता खेळ नव्हे. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो आणि याच सुमारास अनेक मासे अंडी घालतात. नारळ पाण्यात पडेपर्यंत होडी लोटावयाची नाही, ही मर्यादा कोळ्यांनी कायद्याच्या आधीपासून पाळली. पुढे सरकारी नियमानेही ती मानली : १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोवर बंदी. आता यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी आहे. पौर्णिमेचे नाव नियमातून गेले. २०२३ साली अधिक श्रावण आला व पौर्णिमा ३० ऑगस्टला पडली. कायद्याने दर्या मोकळा झाल्यावरही नारळ महिनाभर वाट पाहत राहिला. शेजारच्या बोटी निघून गेल्या असता, कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या नाखव्याने होडी बांधून बसावे, असे त्यास कोणत्या तोंडाने सांगावे?

त्याच वर्षी सप्टेंबरात पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. सातपाटीचे नाव गाजविणारा सरंगा तो हाच. न वाढलेली पिल्लेच जाळ्यात येतात, ही तक्रार मात्र त्याआधीपासूनची. जुन्या नियमातील ‘आधी’ या शब्दाच्या जागी ‘नंतर’ घालून तो पुन्हा आणावा आणि घरी बसावे लागणाऱ्या दिवसांची भरपाई सरकारने द्यावी, हे सरंग्याला मान देण्याहून अधिक उपयोगाचे झाले असते. भरपाईवाचून मात्र ही सूचना करण्याचा अधिकार किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या कोणासही नाही.

बेत तडीस गेलाच, तर प्रवाशाने मिरवणुकीआधी खाडीकडे एकवार पाहावे : होड्या रंगवून पहिल्या फेरीसाठी सज्ज आहेत, की कालच मासळी उतरवून परतल्या आहेत.