पहिला वाढदिवस आठव्या वर्षी!

कोडं असं : एक गृहस्थ वयाची 99 वर्षं पूर्ण करून वारले, पण जन्मानंतर त्यांची जन्मतारीख कॅलेंडरवर आली फक्त 23 वेळा. कसं?

29 फेब्रुवारीचा जन्म, हे उत्तर चटकन सुचतं. पण 99 ला 4 ने भागलं तर 24 वाढदिवस व्हायला हवेत. मग एक गेला कुठे? खरी मेख इथंच आहे, आणि ती फार सुंदर आहे.

हे गृहस्थ म्हणजे माजी पंतप्रधान मोरारजी देसाई. जन्म 29 फेब्रुवारी 1896, निधन 10 एप्रिल 1995. मधलं 1900 साल लीप वर्ष नव्हतंच! दर चार वर्षांनी एक अख्खा दिवस वाढवला, की प्रत्येक खेपेला सुमारे पाऊण तास जास्तीचा धरला जातो. तो साठत जातो आणि ऋतू तारखांपासून सरकतात. म्हणून ग्रेगोरियन कालगणनेत शतकी सालाला 400 ने पूर्ण भाग गेला तरच ते लीप वर्ष. (2000 ला गेला, त्यामुळे आपल्याला हा खंड जाणवलाच नाही.) मोरारजींचा पहिला ‘तारखेचा’ वाढदिवस उजाडला थेट 1904 मध्ये. 2100 सालीही हेच होणार. 29 फेब्रुवारी 2096 ला जन्मणाऱ्या बाळांना 2104 पर्यंत थांबावं लागेल.