गवत कापणाऱ्या यंत्राची हिवाळी विश्रांती

अमेरिकेत वर बसून चालवायचे गवतकापणी यंत्र तुम्ही चित्रात पाहिले असेल. उत्तरेकडील थंड भागात ते हिवाळाभर पडून असते. ठेवण्यापूर्वी स्पार्क प्लगची तार काढून पात्यांवरचे ओले गवत खरवडतात. पेट्रोलही काढतात, नाहीतर त्यातील हलके घटक उडून जातात व उरलेला चिकट थर कार्बुरेटरची छिद्रे बुजवतो.

खरी गंमत बॅटरीत आहे. ती उतरताना गंधकाम्लातील सल्फेट शिशाच्या पट्ट्यांवर बसते आणि द्रवात पाणी वाढते. पूर्ण चार्ज असताना द्रवाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२७ असते, तो शून्याखाली ५० अंश सेल्सिअसलाही गोठत नाही. मात्र हेच गुरुत्व १.१ वर आले, की शून्याखाली ८ अंशांच्या सुमारास बर्फ होऊ लागतो. बर्फाला सुमारे ९ टक्के अधिक जागा लागते. पट्ट्या वाकतात, डबा तडकतो.

मग बॅटरी उबदार खोलीत ठेवावी का? छे, उलट! थंडीत रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून चार्ज केलेली बॅटरी थंड जागी अधिक हळू उतरते. गुरुजींना सोबत घेऊन जवळच्या गॅरेजात जा आणि मेकॅनिक हायड्रोमीटर लावत असताना हे आकडे पाहा. आम्लाला मात्र हात लावू नका.