पवईचे हिरवे पाणी आणि लाल दोरी

गरी टाकून मासे धरणाऱ्यांमध्ये एक वाद कधीच संपत नाही: दोरी कोणत्या रंगाची घ्यावी? पूर्वी पांढरा, पारदर्शक तंगूस मिळायचा आणि प्रश्न तिथेच मिटायचा. आता दुकानात हिरवी, पिवळी, निळी, राखाडी, लाल अशा सगळ्या दोऱ्यांची रिळे असतात. त्यातली लाल दोरी तर ‘पाण्यात दिसेनाशी होते’ असे सांगूनच विकली जाते. पवई तलावावर, मार्वे-मनोरीच्या खाडीवर किंवा गोराईच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या हौशी मंडळींनी हा दावा एकदा नीट तपासून पाहायला हवा.

दाव्यामागे विज्ञान आहे, पण अर्धेच. सूर्यप्रकाशातला लाल रंग पाणी सर्वांत आधी शोषून घेते. स्वच्छ समुद्रात पाच-दहा मीटर खाली गेले की लाल प्रकाश जवळजवळ उरत नाही. निळा मात्र फार खोल पोहोचतो. तिथे लाल दोरीचा लालपणा जातो हे खरे. पण दोरी जात नाही. ती काळपट दिसू लागते. मागून येणारा प्रकाश ती अडवतेच आणि माशाला तिची रेघ दिसू शकते.

शिवाय हे गणित निवळशंख, खोल पाण्याचे आहे. पवई तलाव १८९१ साली मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधला गेला, पण ते पाणी पिण्याजोगे राहिले नाही. १९५५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनमुळे हा तलाव गळाने मासे धरणाऱ्यांचे ठिकाण म्हणून ओळखला जाऊ लागला. रोहू, कटला, मृगळ हे इथले नेहमीचे मासे. सांडपाण्यामुळे वाढलेले शेवाळ आणि जलपर्णी ही तलावाची जुनी दुखणी. शेवाळातले हरितद्रव्य निळा आणि लाल, दोन्ही प्रकाश खाते आणि हिरवा-पिवळा मागे ठेवते. त्यामुळे अशा पाण्यात हिरवट दोरी पार्श्वभूमीत मिसळण्याची शक्यता जास्त, लाल दोरी उलट गडद उठून दिसण्याची.

खाडीचे पाणी आणखी वेगळे. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो आणि तळाचा गाळ ढवळून वर येतो. भांगाच्या दिवसांत ओढ कमी होते, तेव्हा पाणी थोडे निवळते. पाणी किती निवळ आहे हे मोजण्याची एक जुनी रीत आहे: अँजेलो सेकी या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ साली पाण्यात पांढरी तबकडी सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते हे मोजले. मत्स्यविज्ञानात ही साधी तबकडी आजही कामाची आहे. मुलुंड-भांडुपच्या बाजूला ठाणे खाडीच्या गढूळ पाण्यात ती बहुतेकदा मीटरभरही दिसत नाही. जिथे तबकडीच दिसत नाही, तिथे केसासारख्या दोरीचा रंग मासा कुठून पाहणार?

शिंगाळ्याला तर पाहण्याची गरजही फारशी नसते. तो मिशांनी चाचपत, वास घेत आमिषापर्यंत येतो. रोहूचे तसे नाही. तो कार्प कुळातला आहे आणि त्याच कुळातल्या गोल्डफिशच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या चार प्रकारच्या पेशी असतात. माणसाच्या डोळ्यात तीनच. अशा माशांना रंग चांगले कळतात, पण त्यासाठी पाणी पारदर्शक हवे.

असे पाणी गोठलेल्या सरोवरांत मिळते. कॅनडातल्या टोरंटोजवळच्या सिम्को सरोवरावर हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून गळ सोडतात. बर्फाखाली लाटा नाहीत, वाहून येणारी माती नाही, त्यामुळे पाणी बरेचदा नितळ असते. थंडीने मंदावलेला मासा आमिषाकडे बराच वेळ पाहत राहतो. तिथे दोरीचा विचार करावाच लागतो. तरीही आधी विचार होतो तो जाडीचा, कारण बर्फावरच्या हिमाने प्रकाश मंद झालेला असतो आणि अंधुक उजेडात रंगापेक्षा रेघेची जाडी लवकर जाणवते. मासा खालून वर पाहत असेल, तर उजळ छताच्या पार्श्वभूमीवर कोणत्याही रंगाची दोरी सावलीसारखीच दिसते.

जाडीनंतर महत्त्व दोरी कशाची आहे याला. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा सुमारे १.४२ आणि नायलॉनचा १.५३च्या आसपास. आकडा पाण्याच्या जितका जवळ, तितका प्रकाश दोरीवरून कमी वळतो आणि ती कमी चमकते. फ्लुरोकार्बन पाण्यापेक्षा बराच जडही असतो, म्हणून लवकर बुडतो. विणलेली ब्रेड दोरी मात्र अपारदर्शक असते. तिचा फायदा हा, की तेवढ्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा ती खूपच बारीक असते.

मग रंगाचा उपयोग कोणाला? मुख्यतः रॉड धरणाऱ्याला. पिवळी किंवा भडक हिरवी दोरी संध्याकाळच्या उजेडातही नजरेत राहते. तिचा हलका झटका दिसतो, वाऱ्याने पडलेला बाक दिसतो, शेजाऱ्याच्या दोरीत गुंता होण्याआधी सावध होता येते. म्हणून सोपी जोडणी अशी: रिळावर डोळ्यांना दिसणारी ब्रेड आणि गरीच्या बाजूला दीड-दोन मीटर पारदर्शक फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे गरीला जोडलेला शेवटचा तुकडा. खडकाळ जागी, उदाहरणार्थ मढच्या बाजूला, लीडर थोडा जाड ठेवावा. कालवांच्या धारेवर बारीक दोरी लगेच कापली जाते. पावसाळ्यात पाणी तांबूस झाले की लीडरच्या रंगाची चिंता सोडून आमिषाच्या वासावर आणि हालचालीवर लक्ष द्यावे.

दिसणाऱ्या दोरीचा आणखी एक फायदा पक्ष्यांना होतो. तुटलेला तंगूस तिवरांच्या मुळांत अडकतो, वर्षानुवर्षे कुजत नाही आणि बगळ्यांच्या, कावळ्यांच्या पायांत गुंतत राहतो. ठाणे खाडीचा फ्लेमिंगोंचा पट्टा २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ. भडक रंगाची तुटकी दोरी निदान शोधून उचलता येते. पारदर्शक तुकडा गाळात पडला, की माणसालाही सापडत नाही. म्हणून लीडर बदलताना कापलेला तुकडा पाण्यात न टाकता डबीत भरून घरी न्यावा.