धारावी बेटासाठी एक वही हवी

खडक, किल्ला आणि मासळी यांचा अभ्यास तीन खात्यांत वाटला गेला, म्हणून पाली-उत्तनचा किनारा अजून नीट समजलेला नाही.

भाईंदरच्या पश्चिमेला मनोरीची खाडी, वसईची खाडी आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये धारावी बेट आहे. मनोरी, गोराई, उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही त्यावरची गावे. मुंबईतल्या धारावीशी या बेटाचा काही संबंध नाही. मुंबईच्या इतिहासात त्याच्या वाट्याला फार तर चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतला एक उल्लेख येतो आणि पालीसारखे कोळीवाड्याचे गाव तर त्यातूनही निसटते. इथे सांगण्यासारखे काही नाही, असे मात्र नाही. भूशास्त्रज्ञ इथला खडक पाहून जातो, इतिहासकार किल्ला पाहून जातो, मत्स्यशास्त्रज्ञ बोंबलांची नोंद करतो, आणि या नोंदी एकमेकींना कधी भेटत नाहीत. हा किनारा समजून घ्यायचा तर इतिहास, पुरातत्त्व आणि निसर्ग यांचा अभ्यास एकत्र व्हायला हवा, आणि तो इथल्या माणसांना बरोबर घेऊनच होऊ शकतो.

सुरुवात खडकापासून करू. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. मनोरी-गोराईकडचा फिकट रंगाचा ट्रॅकाइट मात्र त्याहून तरुण, सुमारे सहा कोटी वर्षांचा आहे, हे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कालमापनातून दिसले. बेसाल्ट आणि ट्रॅकाइट यांचे शिलारस इथे एकमेकांत मिसळल्याचा अभ्यासही २०१२ साली प्रसिद्ध झाला. हे ज्ञान आंतरराष्ट्रीय शोधपत्रिकांत आहे. त्याचा गावाच्या इतिहासाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दगडाच्या उपयोगातून येतो. मालाडच्या पिवळसर ट्रॅकाइटने मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाच्या भिंती उभ्या राहिल्या. मग वसईच्या किल्ल्यातले आणि या बेटावरच्या जुन्या चर्चमधले घडीव दगड कोणत्या खाणीतले? भिंतीतल्या दगडाची खनिजे खाणीतल्या दगडाशी ताडून पाहिली तर या प्रश्नाचा माग लागतो, आणि त्यातून पाथरवट, वाहतूक, मजुरी यांचा इतिहास उघडतो. त्यासाठी भूशास्त्रज्ञ आणि किल्ल्यांचा अभ्यासक एकाच भिंतीपाशी उभे राहायला हवेत.

किल्ल्याचेही तसेच आहे. चौक गावाजवळचा धारावी किल्ला आकाराने लहान आहे. तरीही १७३७ ते १७३९ या वसई मोहिमेत मराठे आणि पोर्तुगीज त्याच्यासाठी झुंजले. मे १७३९ मध्ये वसई पडली. एवढ्याशा किल्ल्याचे मोल कशात होते, हे पत्रव्यवहारापेक्षा नकाशा आणि भरती-ओहोटी अधिक स्पष्ट सांगतात. वसईला समुद्रातून मदत यायची ती खाडीच्या तोंडातून, आणि ते तोंड या टेकाडावरून नजरेच्या टप्प्यात राहते. उधाणाला इथले पाणी पाच मीटरच्या आसपास चढते-उतरते. गलबत कधी आत येईल आणि कधी चिखलात रुतेल, हे त्यावर ठरते. हेच गणित पाली-उत्तनच्या तांडेलाला, म्हणजे नावेच्या प्रमुखाला, रोज करावे लागते. बोंबील, जवळा, करंदी पकडणारे डोल जाळे खुंटाला बांधून भरती-ओहोटीच्या ओढीवर सोडतात. ओढ कुठे किती आणि तळ कुठे कसा, हे ज्याला कळते त्याचेच जाळे भरते. कोळ्यांचे हे ज्ञान मासेमारीच्या अहवालात बंद राहिले, तर लष्करी इतिहास लिहिणाऱ्याला ते मिळणार तरी कसे?

असा एकत्र विचार नवा नाही. जेम्स कॅम्पबेल या स्कॉटिश अधिकाऱ्याच्या संपादनाखाली १८८२ साली निघालेल्या ठाणे गॅझेटियरमध्ये झाडे, मासे, जाती, व्यापार आणि प्राचीन स्थळे शेजारी-शेजारी आहेत. खुद्द स्कॉटलंडमध्ये डम्फ्रीशायर आणि गॅलोवे या भागासाठी १८६२ साली निघालेली संस्था निसर्ग आणि पुरावशेष या दोन्हींवरचे लेख एकाच वार्षिकात छापत आली. आपल्याकडे मात्र बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ ची, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चे. दोन्ही मोठ्या संस्था, पण त्यांच्या वाटा वेगळ्या. गॅझेटियर तर राज्यकर्त्यांनी इंग्रजीत लिहिले. गावाला त्यात स्वतःचा आवाज नव्हता.

पहिला आक्षेप असा की हौशी माणसे चुका करतात. करतात, हे खरे. पण खाडीपलीकडे नालासोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली उकरणारे पंडित भगवानलाल इंद्रजी विद्यापीठात शिकलेले नव्हते. नालासोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि नवव्याचा तुकडा १९५६ साली वसईजवळच्या भुईगावात. पुरावा गावात पडलेला असतो, म्हणून तो ओळखणारी नजरही गावात हवी. तिला शिस्त लावता येते: वस्तू जागची हलवू नये, जागा आणि दिशा टिपावी, छायाचित्र काढावे, निष्कर्ष तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा. मुंबई विद्यापीठाचे बहिःशाल केंद्र आणि साठ्ये महाविद्यालय यांनी साष्टी बेटावर अलीकडे केलेल्या पाहणीत विद्यार्थी अशाच रीतीने गावोगाव फिरले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्थानिक इतिहास गटांच्या अभिमानाचे हत्यार बनतो. मराठ्यांचा विजय, पोर्तुगीजांची चर्च, ईस्ट इंडियन आणि कोळी समाजांचे हक्क, यांतला प्रत्येक धागा ओढून घ्यायला कोणीतरी तयार असते. नेमका इथेच एकत्रित अभ्यास कामी येतो. ज्याच्याकडे फक्त बखर आहे त्याला एकच बाजू दिसते. बखर, चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही, दगडाची जात आणि खाडीतला गाळ समोर मांडले की सोयीचा निष्कर्ष टिकवणे कठीण जाते.

तिसरा आक्षेप घाईचा. उत्तन-विरार सागरी सेतूसारखे प्रकल्प समोर असताना जुन्या नोंदी कशाला? उत्तर सरळ आहे. किनारा बदलणार असेल तर बदलाआधीची नोंद आताच करावी लागेल, नंतर ती कोणत्याही किमतीला मिळणार नाही. डोल कुठे लागत होती, तिवरे कुठवर होती, हे लिहिलेले असेल तरच नुकसान मोजता येते आणि भरपाई मागता येते.

म्हणून महापालिकेचे ग्रंथालय, जवळचे एखादे महाविद्यालय, गावांतली चर्च आणि मच्छीमार सोसायट्या यांनी मिळून धारावी बेटासाठी दरवर्षी एक मराठी अंक काढावा. त्यात खडकाचा लेख, किल्ल्याच्या भिंतीचे मोजमाप, तांडेलाची मुलाखत आणि पक्ष्यांची यादी एकत्र असावी. यासाठी लागणारा पैसा थोडा आहे आणि माणसे इथेच आहेत. गावाने स्वतःबद्दल लिहिले नाही, तर त्याच्याबद्दल जे लिहिले जाईल ते इतरांच्या गरजेपुरतेच राहील.