घड्याळ आणि गुण

येत असलेला प्रश्न वेळेअभावी राहून गेला, की केवढी हळहळ वाटते! ती टाळायची, तर एक सोपे गणित करा. समजा, प्रश्नपत्रिका 40 गुणांची आणि वेळ 2 तास, म्हणजे 120 मिनिटे आहे. प्रश्न वाचणे व शेवटी उत्तरे तपासणे यांसाठी 20 मिनिटे बाजूला ठेवा. उरली 100 मिनिटे. म्हणजे दर गुणाला अडीच मिनिटे. 2 गुणांच्या प्रश्नावर 10 मिनिटे घालवलीत, तर दुसऱ्या प्रश्नांचे 2 गुण धोक्यात आले! म्हणून प्रश्न अडला, की जागा सोडा आणि पुढे चला.

पण उत्तर आठवण्यातच वेळ गेला तर? त्याची तयारी घरीच हवी. रोडिगर व कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग 2006 साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा उतारा एकदा वाचून, न पाहता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचलेला उतारा अधिक आठवला. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र लिहिलेला! आठवण्याच्या खटपटीनेच आठवण पक्की होते. तेव्हा आज एक धडा वाचा, पुस्तक मिटा, घड्याळ समोर ठेवा आणि लिहू लागा.