दंड सरकारजमा, नुकसान आपल्या पदरी

२०१४-१५ मध्ये पुणे महापालिकेने कचरा प्रक्रिया प्रकल्प उभारण्यासाठी आणि ते चालवण्यासाठी टेंडरे काढली. निविदा आल्या, पाकिटे उघडली गेली, कागदोपत्री स्पर्धाही झाली. पण पुण्यातल्या ‘नागरिक चेतना मंच’ या संस्थेला ती स्पर्धा खरी वाटली नाही आणि तिने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. चौकशीत दिसले ते असे : जिंकणारा आधीच ठरला होता आणि बाकीच्या निविदा केवळ संख्या भरण्यासाठी टाकल्या होत्या. ठेकेदारांच्या बोलीत याला ‘रिंग’ म्हणतात आणि अशा भरतीच्या निविदांना ‘डमी’. १ मे २०१८ रोजी आयोगाने संबंधित कंपन्यांना दोषी धरून दंड ठोठावला.

बातमी इथे संपते. माझा प्रश्न इथून सुरू होतो. दंडाचे पैसे जातात कुठे? स्पर्धा कायद्याच्या कलम ४७ नुसार ते भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे केंद्राच्या तिजोरीत जमा होतात. ज्या शहराच्या करदात्यांच्या पैशांवर रिंग झाली, त्या शहराच्या वाट्याला दंडातला एक रुपयाही येत नाही. दंड ही शिक्षा आहे, भरपाई नव्हे. चोराला तुरुंगात टाकले म्हणून चोरीला गेलेले मंगळसूत्र परत मिळत नाही. ते मिळवायला वेगळा रस्ता लागतो.

रस्ता आहे, वर्दळ नाही

हा रस्ता आपल्या कायद्यात आहे. मक्तेदारी रोखणाऱ्या जुन्या एमआरटीपी कायद्यातही १९८४ च्या दुरुस्तीने भरपाईची तरतूद आली होती. २००२ च्या स्पर्धा कायद्यात ती कलम ५३-एन मध्ये आहे. त्यानुसार केंद्र सरकार, राज्य सरकार, स्थानिक प्राधिकरण, एखादा उद्योग किंवा कोणतीही व्यक्ती अपील न्यायाधिकरणाकडे नुकसानभरपाई मागू शकते. एकसारखे नुकसान झालेल्या अनेकांच्या वतीने एकालाही अर्ज करता येतो. यातला ‘स्थानिक प्राधिकरण’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद या सगळ्यांसाठी दार उघडे आहे.

मात्र आधी स्पर्धाभंग झाल्याचा निष्कर्ष हाती असावा लागतो. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा कलम ६१ ने बंद केला आहे. शिवाय मूळ निष्कर्षावर अपिले चालू असली की भरपाईचा अर्जही तिष्ठत राहतो.

किती तिष्ठत, ते सिमेंटच्या प्रकरणात दिसते. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाच्या तक्रारीवरून आयोगाने जून २०१२ मध्ये अकरा सिमेंट कंपन्यांना आणि त्यांच्या संघटनेला मिळून ६,३०० कोटी रुपयांच्या घरात दंड केला. अपिलात प्रकरण फेरसुनावणीसाठी परत आले. ऑगस्ट २०१६ मध्ये पुन्हा दंड झाला, जुलै २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो उचलून धरला आणि मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१० च्या सुमारास ज्याने पै-पै जमवून दोन खोल्यांचे घर बांधले, त्याच्याकडे सिमेंटच्या पिशव्यांची बिले आज असतील का? मुळात त्याने पक्के बिल घेतले होते का? न्यायाला उशीर होतो तसतसा दाव्याचा पुरावाही विरत जातो.

गोळीमागे किती?

नुकसान मोजतात कसे, हे धान्याच्या गोदामात उभे राहून पाहू. अन्न महामंडळाच्या गोदामात पोत्यांच्या थप्प्या असतात. टोके-सोंडे लागू नयेत म्हणून थप्पीवर ताडपत्री टाकून आत अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. हवेतल्या ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो आणि कीड मरते. गोळी अवघ्या ३ ग्रॅमची.

मे २००९ मध्ये महामंडळाने अशा ६०० टन गोळ्यांसाठी टेंडर काढले. एक्सेल क्रॉप केअर, युनायटेड फॉस्फरस आणि संध्या ऑरगॅनिक केमिकल्स या तिन्ही कंपन्यांनी दर भरला तो किलोला ३८८ रुपये. तिघींचा दर रुपयाचाही फरक नसलेला. महामंडळाने २०११ मध्ये आयोगाकडे तक्रार केली आणि एप्रिल २०१२ मध्ये दंड झाला. एकट्या युनायटेड फॉस्फरसला तो २५२ कोटींहून अधिक होता. अपिलात केवळ या गोळ्यांची उलाढाल धरून तो ६ कोटी ९४ लाखांवर आला. ८ मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संगनमताचा निष्कर्षही कायम ठेवला आणि कमी केलेला दंडही.

आता हिशेब. ६०० टन म्हणजे ६ लाख किलो, म्हणजे २० कोटी गोळ्या. केवळ उदाहरणापुरते समजा, की ३८८ हा दर खऱ्या स्पर्धेतल्या दरापेक्षा ५ टक्क्यांनी चढा होता. मग रास्त दर साधारण ३६९ रुपये ५० पैसे निघतो. किलोमागे साडेअठरा रुपये जादा, एकूण सुमारे १ कोटी ११ लाख. खरी अडचण त्या ‘समजा’मध्ये आहे. संगनमत नसते तर भाव काय राहिला असता? तो भाव कोणत्याही बिलावर छापलेला नसतो. संगनमताच्या आधीचे आणि नंतरचे भाव, शेजारच्या बाजारातले भाव, कच्च्या मालाचा खर्च, हे सगळे ताडून त्याचा अदमास घ्यावा लागतो.

आणखी एक पेच असतो. खरेदीदाराने जादा भाव पुढच्या गिऱ्हाइकाच्या माथी मारला असेल, तर नुकसान नेमके कोणाचे? १९७७ च्या ‘इलिनॉय ब्रिक’ खटल्यात इलिनॉय राज्य आणि सुमारे ७०० स्थानिक संस्थांनी काँक्रीटच्या विटांच्या चढ्या भावाबद्दल दावा केला होता. विटा ठेकेदारांनी घेतल्या होत्या, संस्थांनी इमारती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की थेट खरेदीदारानेच दावा करावा. तिथे थेट खरेदीदाराला नुकसानीच्या तिप्पट रक्कम मिळू शकते, पण साखळीतल्या पुढच्याला केंद्रीय कायद्याखाली हात हलवत परतावे लागते. आपल्या ५३-एन मध्ये ‘कोणतीही व्यक्ती’ हे शब्द आहेत. आपले दार अधिक रुंद आहे.

युरोपचा अनुभव

युरोपात या हक्काला धार आली ती एका पबचालकामुळे. बर्नार्ड क्रेहान यांच्यावर करारानुसार ठरावीक कंपनीचीच बिअर घेण्याचे बंधन होते. २००१ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितले, की स्पर्धाभंगामुळे नुकसान झालेल्या कोणालाही भरपाई मागता येते. तत्त्व जिंकले, क्रेहान मात्र २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये हरले.

त्याच वर्षी इटलीतल्या बितोंतो या गावच्या छोट्या न्यायालयातून आलेल्या मान्फ्रेदी प्रकरणात वाहनविम्याच्या चढ्या हप्त्यांचा प्रश्न युरोपीय न्यायालयापुढे गेला. नुकसानासोबत बुडालेला नफा आणि व्याजही मागता येते, हे तिथे स्पष्ट झाले. पुढे २०१४ च्या निर्देशाने एक मोठे ओझे दावेदाराच्या डोक्यावरून उतरवले : कार्टेल, म्हणजे कंपन्यांचे संगनमत, सिद्ध झाले की नुकसान झाले असे गृहीत धरायचे, झाले नसेल तर ते कंपनीने दाखवायचे.

ट्रक उत्पादकांच्या कार्टेलला युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये २.९३ अब्ज युरो दंड केला. त्यानंतर ब्रिटनची टपालसेवा रॉयल मेल आणि दूरसंचार कंपनी बीटी यांनी डॅफ या उत्पादकाकडे भरपाई मागितली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने दोन्ही बाजूंच्या अर्थतज्ज्ञांचे ऐकून जादा भाव ५ टक्के ठरवला. नेमका आकडा सापडत नाही म्हणून दावा फेकून दिला नाही, हे त्यातले महत्त्वाचे.

सामान्य ग्राहकाची वाट तिथेही खडतरच. फुटबॉल संघांच्या जर्सी संगनमताने महाग विकल्याबद्दल ‘विच’ या ग्राहक संघटनेने जेजेबी स्पोर्ट्सवर दावा केला. २००८ मध्ये तडजोड झाली आणि दाव्यात नाव नोंदवलेल्यांना प्रत्येकी २० पौंड मिळाले. पण नाव नोंदवणारे होते अगदी थोडे. एका जर्सीसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार?

सुरुवात कोणी करायची?

या सगळ्यावरून माझी खात्री झाली आहे, की आपल्याकडे सुरुवात एकट्या-दुकट्या ग्राहकाकडून होणार नाही. ती सार्वजनिक खरेदीदारांनी केली पाहिजे. कचऱ्याचे प्रकल्प, औषधे, पाण्याचे पाइप, डांबर, शाळेचे गणवेश, हे सारे तेच टेंडरने घेतात. त्यांच्याकडे वर्षानुवर्षांच्या दरांच्या फाइली असतात, लेखापरीक्षण असते, विधी विभाग असतो. ज्या पुराव्याअभावी घर बांधणारा माणूस हतबल होतो, तो पुरावा त्यांच्या कपाटात आहे. आणि त्यांचे नुकसान म्हणजे तुमच्या-माझ्या घरपट्टीचे नुकसान.

त्यांना आज करता येण्यासारखी एक गोष्ट जर्मनीने दाखवली आहे. तिथले सार्वजनिक खरेदीदार करारातच लिहून ठेवतात, की पुरवठादाराचे संगनमत सिद्ध झाल्यास त्याने बिलाच्या ठरावीक टक्के रक्कम परत द्यावी. नुकसान त्याहून कमी होते हे दाखवायचे असल्यास ते त्यानेच दाखवावे. रेल्वे रुळांच्या कार्टेल प्रकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १५ टक्क्यांपर्यंतची अशी अट मान्य केली. ठरलेल्या नुकसानभरपाईची कल्पना आपल्याला परकी नाही; १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ मध्ये ती आहेच, आणि कामाला उशीर करणाऱ्या ठेकेदाराला ती आपण रोज लावतो. मग रिंग करणाऱ्याला का नाही?

पुण्यात एका नागरिक संस्थेने टेंडरची कागदपत्रे वाचली, म्हणून रिंग उघडी पडली. आता तशीच जागरूकता टेंडरचा नमुना लिहिणाऱ्या टेबलापर्यंत पोचायला हवी. आपल्या नगरसेवकाला, आपल्या जिल्हा परिषद सदस्याला आपण एवढेच विचारू या : संगनमत निघाले तर आमचे पैसे परत कसे येणार, हे तुमच्या टेंडरात कुठल्या कलमात लिहिले आहे?